हिशोबाचं बोला : पहिल्या शनिवारचा भाव

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. तिन्ही पैजेची आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची झळ आता सोलापूरपर्यंत पोचली आहे, हे मला या पत्रांवरूनच कळलं.

प्रश्न : मॅडम, सा. न. वि. वि. मी बी.एस्सी.ला तुमच्याकडे संख्याशास्त्राला होतो. सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये अकाउंट्स बघतो. माझा मावसभाऊ ओहायोत कोलंबसला असतो. तो म्हणतो, तिकडं कॉलेज फुटबॉलचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि पहिल्या वीकेंडला बुकींनाही काही माहीत नसतं, टीम नव्या असतात, त्यामुळं अभ्यास करणाऱ्याला चान्स असतो. इथं माझ्या मित्राकडं ‘आयडी’ आहे, म्हणजे पैज लावायच्या साइटचं खातं, त्यावर ह्या मॅचेस येतात. मोठं कॉलेज विरुद्ध छोटं कॉलेज अशा पाच-सहा मॅचेस तर एकदम पक्क्या असतात. माझी भिशी लागलीये, चाळीस हजार हातात आहेत. मित्र म्हणतो, "लाव की बे, विचार काय करतो." प्रोबॅबिलिटी तुम्हीच शिकवलेली, म्हणून विचारतो. लावू का? स्क्रीनशॉट जोडलाय. नाव छापू नका.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : वर्गात होतास, म्हणून अरे-तुरे करते. लावू नकोस. आता कारणं.

मावसभावाचं अर्धं म्हणणं खरं आहे. तिकडच्या व्यावसायिक एनएफएलला हंगामाआधी सराव सामने असतात, कॉलेजवाल्यांना नसतात. (इतर वाचकांसाठी : हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट, लांबट चेंडू, धक्काबुक्की. टचडाऊनचे ६ गुण, त्यावर किकचा १, नुसता फील्ड गोल मारला तर ३.) वरच्या श्रेणीतच १३० हून जास्त कॉलेजं. मुलं शिकून बाहेर पडतात, आणि हल्ली ‘ट्रान्सफर पोर्टल’मधून या कॉलेजातून त्या कॉलेजात उड्याही मारतात. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाल्यापासून उड्यांना जोर आला आहे. म्हणजे पहिल्या शनिवारी उतरतो तो संघ बऱ्याचदा गेल्या वर्षीचा नसतोच.

२०२३ चं कोलोराडो घे. आदल्या हंगामात १२ पैकी ११ सामने हरलेलं कॉलेज. डिऑन सँडर्स नवा प्रशिक्षक म्हणून आला, त्याने जवळजवळ अख्खा संघ बदलला आणि पहिल्याच सामन्यात टीसीयूला, म्हणजे आदल्या हंगामाच्या उपविजेत्याला, त्यांच्याच मैदानावर ४५-४२ हरवलं. बाजार टीसीयूला तीन टचडाऊनच्या आसपास वरचढ धरून बसला होता. तर बुकी चुकतो, चांगला तोंडावर आपटतो. पण पुढचं ऐक. त्या एका सामन्यावर लोकांनी कोलोराडोला डोक्यावर घेतलं, आणि हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर ४ विजय आणि ८ पराभव होते. पहिल्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नसतं, या ‘कुणालाच’मध्ये तुझा भाऊही येतो आणि तूही, एवढं सांगायचं तो विसरला.

शिवाय माहिती कमी असली की बुकी हातावर हात धरून बसत नाही. या सामन्यांचे भाव महिने महिने आधी निघतात. सुरुवातीला तो मोठी रक्कम घेतच नाही. ज्यांचं पोट यावर चालतं अशी माणसं थोडे थोडे पैसे लावतात, त्यांच्या पैशाचा कल बघून तो भाव सरकवतो. कोलंबसला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तू जेवून, अंथरुणावर पडून मोबाईल उघडशील तेव्हा समोर दिसणारा भाव शंभर हातांनी चाचपून झालेला असेल. भाकरी तव्यावरून उतरल्यावर तू पीठ बरोबर मळलंय का ते बघायला येणार.

आता तुझ्या ‘पक्क्या’ मॅचेस. मोठी कॉलेजं हंगामाच्या तोंडाला लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. लहान कॉलेज मार खातं, चेक घेतं, घरी जातं. व्यवहार असा उघड असतो, म्हणून निकाल आधीच ठरल्यासारखा वाटतो. २००७ च्या १ सप्टेंबरला मिशिगनने खालच्या श्रेणीतल्या ॲपलाचियन स्टेटला असंच बोलावलं. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, स्टेडियममध्ये लाखभर माणसं. शेवटच्या क्षणी मिशिगनचा फील्ड गोल अडवला गेला आणि पाहुणे ३४-३२ जिंकले. चेक घेतला तो वेगळाच. २०१७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठ नेवाडा-लास वेगासच्या संघाकडून ४५ गुणांनी हरेल असा बाजाराचा अंदाज होता. हॉवर्ड ४३-४० ने जिंकलं. बुकींच्या गावात, बुकींच्याच गावच्या कॉलेजला!

असं रोज होत नाही, तू म्हणशील. बरोबर. म्हणूनच गणित करू. समज, तुझ्या सहा मॅचेसपैकी प्रत्येक ९५ टक्के पक्की आहे आणि प्रत्येकीला भाव १.०५ आहे, म्हणजे शंभर लावले तर एकशे पाच परत. सहाही एकत्र बांधल्या तर चाळीस हजारांचे साधारण ५३,६०० होतात, म्हणजे नफा १३,६००. सहाही बरोबर यायची शक्यता ०.९५ चा सहावा घात, ०.७३५. म्हणजे चारातून एकदा, किंचित जास्तच, तू सगळे चाळीस हजार घालवणार. सरासरी काढलीस तर दर खेपेला सहाशेच्या आसपास रुपये तुझ्या खिशातून जातात, आणि हे प्रत्येक मॅच खरंच ९५ टक्के पक्की असेल तर. नव्वद असेल तर वहीवर तूच काढ. तेवढं तुला येतं, मला आठवतंय.

हा कंटाळवाणा नफा नको म्हणून माणसं स्प्रेडकडे वळतात. म्हणजे मोठं कॉलेज नुसतं जिंकून भागत नाही, ४५ गुणांपेक्षा जास्त फरकाने जिंकावं लागतं. इथे तुझा सगळा अभ्यास मैदानाबाहेर जातो. कारण ५२-० झाल्यावर मोठ्या कॉलेजचा प्रशिक्षक काय करतो? आपले चांगले खेळाडू बसवतो. पुढच्या शनिवारी त्यांची गरज असते. मग दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली पोरं उतरतात, वेळ काढायला नुसती धावत राहतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पाहुणे एक टचडाऊन मारून जातात. ५२-७. फरक बरोब्बर ४५. स्टेडियम अर्धं रिकामं झालेलं, बातमीत त्या टचडाऊनला एक ओळ नाही, आणि तुझ्यासारख्या हजारोंचा हिशोब त्या एका धावेवर फिरतो. तू संघ ओळखलास, निकाल ओळखलास. प्रशिक्षकाला दया कधी येते, हे ओळखायचं शास्त्र मी तरी शिकवलेलं नाही.

आणि आता तुझा स्क्रीनशॉट. तो मी चष्मा पुसून पाहिला. स्प्रेडच्या दोन्ही बाजूंना भाव १.८३ आहे. तुझ्या भावाला कोलंबसमध्ये कायदेशीर ॲपवर अशाच पैजेला साधारण १.९१ मिळतो, तिकडच्या भाषेत ११० लावा, १०० जिंका. त्या दराने २१ पैजांपैकी ११ जिंकल्या तर माणूस बरोबरीत सुटतो, दहा जिंकल्या तर तोट्यात. म्हणजे बरोबरीलाच ५२.४ टक्के लागतात. तुझ्या १.८३ ला ५४.६ टक्के लागतात. नाणं उडवून खेळलास तर शंभर रुपयांमागे भावाचे साडेचार जातात, तुझे साडेआठ. मॅच तीच, शनिवार तोच, दलाली मात्र जवळजवळ दुप्पट. मित्राने हे सांगितलं नसेल. त्याला कमिशन किती मिळतं, तेवढं विचारून बघ.

त्याच स्क्रीनशॉटच्या खाली यूपीआयचा क्यूआर आहे आणि त्यावर एका किराणा दुकानाचं नाव आहे. एक्स्पोर्टच्या अकाउंट्सवाल्याला मी हे सांगायला हवं का? अमेरिकन फुटबॉलचे पैसे किराणा दुकानात का जमा होतात? कारण ते खातं भाड्याचं आहे. आज हे, परवा दुसरं. अशा खात्यांतून ऑनलाइन फसवणुकीचा पैसाही फिरतो. तू जिंकलास आणि पैसे तशा खात्यातून तुझ्या पगाराच्या खात्यात आले, की कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस तक्रारीवरून तुझं खातं होल्डवर जाऊ शकतं. मग गाडीचा हप्ता, घरभाडं, सगळं अडकतं आणि तू बँकेत हेलपाटे घालतोस. हरलास तर चाळीस हजार जातील. जिंकलास तर हे.

कायद्याचंही एकदा बघून घे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, आणि हीच ओळ तुझा मित्र तुला ऐकवणार. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करारच रद्दबातल. आयडीवाल्याने जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तू कुठल्याही कोर्टात मागू शकत नाहीस. ‘आधी टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल’ असा मेसेज आला तर समज की खेळ संपला. भरू नकोस, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन कर.

भावाला पैसे पाठवून त्यालाच लावायला सांगावं, हेही तुझ्या डोक्यात येईल. परकीय चलनाच्या २००० च्या नियमांत, पहिल्याच परिशिष्टात, बाहेर पैसे पाठवायला मनाई असलेल्या गोष्टींची यादी आहे. लॉटरीची तिकिटं, बंदी असलेली मासिकं, आणि चक्क ‘फुटबॉल पूल’, म्हणजे फुटबॉलच्या निकालांवरच्या पैजा. ज्याने कुणी ती यादी केली, त्याला तू आधीच दिसला असावास.

मॅच बघायची तर बघ. कोलंबसलाच ३० ऑगस्ट २०२५ ला ओहायो स्टेट आणि टेक्सस भिडले होते. गतविजेते विरुद्ध हंगामाआधीच्या यादीतला पहिला नंबर. १४-७. पैसे न लावताही माणूस खुर्चीच्या टोकावर यावा असा सामना.

प्रश्न : आमचे वडील जुन्या मिलमध्ये होते. ते सांगायचे, पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसावर आकडा लागायचा. मुलं हसतात. यात काही तथ्य आहे का?
— भवानी पेठ

उत्तर : मुलांना म्हणावं, हसू नका, वडील बरोबर सांगत होते. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजला कापूस कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला, हे आकडे मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांच्यावर पैजा लागत. ओपन आणि क्लोज हे मटक्याचे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ते थांबवलं. मग कापूस गेला, पैज राहिली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, नंतर पत्ते आले. गिरणीच्या गावात हे लोण पोचायला वेळ लागला नसणार. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. कापसाच्या भावाची चौकशी सोलापुरात कोण करत नव्हतं?

वरच्या पत्रातल्या तरुणासाठी एक जोडते. मटक्यात एका आकड्याला रुपयाचे नऊ मिळतात आणि आकडे दहा. म्हणजे शंभरामागे दहा रुपये मालकाचे. त्याच्या अमेरिकन पैजेत साडेआठ. विमानाने आला म्हणून जुगार फार सुधारला असं नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मुलगा न्यू जर्सीत एम.एस. करतोय. वय २४. राखीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बहिणीला सहज बोलून गेला की कॉलेज फुटबॉल सुरू होतंय, मित्र सगळे ॲपवर पैसे लावतात, मीही वीस-पंचवीस डॉलर लावतो. "आई, इथे लीगल आहे," म्हणाला. त्याच्या शिक्षणाला आम्ही घर तारण ठेवून कर्ज काढलंय. ह्यांना अजून सांगितलं नाही. हा गुन्हा आहे का? काय करू?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, गुन्हा नाही. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजेवरची केंद्रीय बंदी उठवली, आणि तो खटला लढवणारं राज्य न्यू जर्सीच होतं. तिथे वय २१ पूर्ण असलं की ॲपवर पैज लावता येते. मात्र न्यू जर्सीतल्याच कॉलेज संघांवर लावता येत नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं; सुट्टीत तो टेक्ससला मित्राकडे गेला तर तिथे ॲपवरची अशी पैज कायदेशीर नाही. जिंकलेली रक्कम तिकडच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावी लागते. आणि एक नक्की विचारा : तो विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पार्टटाइम काम करतो का? तिथल्या कर्मचाऱ्यांना कॉलेज खेळांवर पैज लावायला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी बंदी आहे. टॉवेल उचलायचं काम असलं तरी आधी नियम विचारून घे म्हणावं.

कायद्याचं इथे संपलं. तुमची काळजी कायद्याची नाही, घराची आहे.

‘किती हरलास?’ असं विचारू नका. खोटं उत्तर मिळेल आणि पुढच्या वेळी तो बहिणीलाही सांगणार नाही. त्याऐवजी सांगा की ॲपमध्ये खात्याचा हिशोब असतो, किती भरले आणि किती काढले. ती स्क्रीन मला दाखव. वीस-पंचवीस डॉलर हे पैजेचं वर्णन झालं. एका शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत डझनावारी सामने असतात, आणि पहिला वीकेंड तर गुरुवारी सुरू होऊन सोमवारच्या सुट्टीपर्यंत चालतो. पंचवीस डॉलरच्या किती पैजा, हा प्रश्न आहे. क्रेडिट कार्डाने भरतो का, हेही विचारा. काही बँका त्याला रोख उचल धरतात आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. ॲपमध्येच आठवड्याची मर्यादा घालायची सोय असते. ती तुमच्यासमोर घालायला लावा. खरंच वीस-पंचवीसवर भागत असेल तर त्याला अडचण यायचं कारण नाही. कुरकुर करायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

यजमानांना सांगा. घर दोघांचं तारण आहे. सांगताना ‘मुलगा जुगारी झाला’ असं सांगू नका, ॲपमधले आकडे सांगा. गरज पडलीच तर तिकडे १-८००-४२६-२५३७ हा मदतीचा फोन आहे, आणि तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर आपल्याकडे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६, मराठीत बोलता येतं.

लगेच काही दिसणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळेच उत्साहात असतात, वसतिगृहातली सगळी पोरं लावतात, त्यात आपलाही. नोव्हेंबरात लक्ष ठेवा. तेव्हा तिकडे मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाचे सामने मंगळवारी-बुधवारी रात्री, थंडीत, जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये होतात. टोलेडो, बॉल स्टेट, अशी कॉलेजं. तिथे शिकलेले लोक आणि पैसे लावलेले लोक सोडून ते सहसा कुणी बघत नाही. आपल्याकडे गुरुवारी सकाळी सहा-सातच्या सुमाराला, चहा टाकला की व्हिडिओ कॉल करा. तो सामना बघत असला तर कोणता ते विचारा, आणि टोलेडो म्हणाला तर मला लगेच लिहा.